मायचं थांबवलेलं रडणं

माझ्या मायचं नाव बायजाबाई. नागपुरात पाचपावलीच्या आमच्या गल्लीत तिला सगळे 'अनंताची माय' म्हणत, पण विडीच्या कारखान्यात ती बायजाबाईच होती. तिथे तिला मान होता. मांडीवर सूप, सुपात ओला करून कापलेला तेंदूपत्ता, कोपऱ्यात जर्द्याची ढिगली. तिची बोटं अशी चालत की पान गुंडाळताना दिसायचंच नाही, एकदम तयार विडीच दिसायची. आणि तोंडात गाणं.

पहिली ओळ तिची असे, दुसरी सगळ्या जणींची. तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून बायका लवकर येत. कोणाला नवऱ्यानं मारलेलं असे, कोणाचं लेकरू तापात असे. माय तिचं नाव न घेता ओळ जुळवायची आणि ती बाई सुपावर मान घालून रडून घ्यायची. रडताना हात मात्र चालू. दुपारपर्यंत तिचा चेहरा धुतल्यासारखा व्हायचा. मायची जोडीदारीण प्रयागबाई मला एकदा म्हणाली होती, "डाक्तरच्या बाटलीनं जे उतरत नव्हतं ना गा, ते तुह्या मायजवळ बसल्यावर उतरत होतं."

मला तेव्हा हे बायकांचं बोलणं वाटलं.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण कौसल्या आठ. आम्ही चौघं पांढरे कपडे घालून पायी गेलो. घरी आल्यावर बाबांनी, म्हणजे धोंडबांनी, भिंतीवरची देवाची फळी उतरवली. ते मिलमध्ये कामाला होते, फारसं बोलत नसत. बोलण्याचं काम मी अंगावर घेतलं. पत्रकं वाचून मला सगळं कळतं असं वाटू लागलं होतं. एका सकाळी माय जात्यावर दळताना जुनी ओवी म्हणत होती, त्यात जुन्या देवाचं नाव आलं. मी अंथरुणातून उठून तिच्यासमोर उभा राहिलो.

"माय, हे गाणं बंद. आपण आता त्या धर्मात नाही."

तिनं जातं थांबवलं नाही. "देवाचं नाव नोको, इतकंच ना? ते काढतो. गानं काहून काढू?"

दुसऱ्या दिवशी तीच चाल होती आणि ओळी नव्या होत्या:

जात्याच्या तोंडी दाणे, हाती माह्या खुटा वं
भीमरायानं दावल्या, आम्हा नव्या वाटा वं

देव गेले, गाणं राहिलं. तिच्या लेखी प्रश्न मिटला. आमच्या वस्तीत बौद्ध मंडळाचं काम पाहणारे आनंदराव होते, वयानं मोठे आणि वाचलेले. त्यांनी ही ओवी ऐकली आणि पुढच्या सभेत मायला व्यासपीठावर बसवून म्हणायला लावली. ती लाजून खाली बघत म्हणाली. मला अभिमान वाटला होता.

एकोणसाठ साली बाबा छातीच्या आजारानं गेले. माय महिनाभर रडली, आमच्याकडे बायका रडतात तशी, गाऊन. त्या रडण्यात सगळं येतं. माणूस कसा होता, त्याला काय आवडायचं, आजार कसा आला, कोण धावलं आणि कोण आलं नाही. शेजारच्या बाया समोर बसून "हो वं बाई" म्हणत ऐकतात. मी मॅट्रिकला होतो, कानात बोटं घालून वाचायचो. पण महिन्यानं माय उठली, केस विंचरले आणि सूप घेऊन कारखान्यात गेली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते तिच्या ताब्यात होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे पुढे जे केलं त्याबद्दल, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

कौसल्येचं लग्न सहासष्ट साली झालं. पारशिवनीच्या पुढे, पेंच नदीच्या अंगाला एका लहान गावात तिला दिली. जावई विश्वनाथ थोडी शेती करायचा. घरात त्याची म्हातारी आई होती, जीव लावणारी. मी तोवर सिव्हिल लाईन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून लागलो होतो.

अडुसष्टच्या पावसाळ्यात विश्वनाथचं कार्ड आलं. कौसल्येला सातवा लागला आहे, येऊन घेऊन जावं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण माझी खात्याची परीक्षा होती. मी उत्तर लिहिलं की परीक्षा आटोपली की येतो.

माय म्हणाली, "मी जातो ना आणाले. तू कर तुहा अभ्यास."

"तू एकटी कुठे जातेस? पारशिवनीला उतरून पुढं बैलगाडीनं जावं लागतं. मधे नाला आहे. मी आहे ना."

तिनं ऐकलं. माझं ती नेहमी ऐकायची. शिकलेला लेक होतो मी.

परीक्षा पुढे गेली, दिवसही गेले. दुसरं कार्ड आलं, आता नववा लागतो आहे. मी लिहिलं, शनिवारी शेवटचा पेपर, येत्या आयतवारी नक्की येतो. कार्ड पेटीत टाकून मी निश्चिंत झालो.

शनिवारी पेपर चांगला गेला. सायकलवरून शीळ घालत घरी आलो तर दारात विश्वनाथचा चुलतभाऊ बसलेला. माय आत भिंतीला टेकून उभी होती. शुक्रवारी पहाटेपासून कौसल्येला कळा लागल्या होत्या. सुईणीला जमेना म्हणून गाडी जुंपून पारशिवनीच्या दवाखान्यात निघाले. नाल्याला पूर होता. पाणी उतरायची वाट बघत गाडी काठावर उभी राहिली आणि दुपारी तिथेच ती गेली, पोटातल्या बाळासकट.

इतकंच मला कळलं, आणि इतकंच मी विचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा माती झाली होती. तीन दिवस राहिलो. माय चुलीपाशी विश्वनाथच्या आईजवळ बसून असायची. ती म्हातारी कौसल्येबरोबर गाडीत होती. दोघी तासन् तास हळू बोलत. मी बाहेर ओसरीवर पुरुषांत बसलो. पाऊस, पीक, सरकारी दवाखाना, असं काहीबाही बोलणं चाललं होतं. आत जाऊन दोघींजवळ बसावं असं मला एकदाही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल आणि मी ते दाबलं असेल.

नागपूरला परत आलो त्या दिवशी दारापुढे बायका जमल्या. प्रयागबाई सगळ्यांत पुढे. बाजूला मी सतरंजी टाकली होती, आनंदराव आणि मंडळाचे चार लोक बसले होते. माय चटईवर बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिनं सूर लावला.

पहिल्या ओळीत कौसल्येचा जन्म होता, दुसरीत तिचं लग्न. मग नाला आला, गाडी आली. प्रयागबाई "हो वं बाई" म्हणाली. मायचा आवाज उंच गेला. "भाऊ येतो म्हने बाई..." आणि मी उठलो.

"माय, पुरे. असं गाऊन रडायचं नाही. ही जुनी रीत झाली. आपण वंदना घेऊ."

तिनं पदर मागे सारून माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. वर्गात मास्तरनं पाटी पुसायला सांगितल्यावर लेकरू बघतं, तसं ते बघणं होतं. तोंड अर्धवट उघडं होतं, ते तिनं मिटलं.

वंदना झाली, पंचशील झालं. मायनं सगळ्यांबरोबर हात जोडले. वंदनेनं तिला आधार दिला नसता असं मी म्हणत नाही. वंदना तिला प्रिय होती, मरेपर्यंत रोज म्हणायची. पण त्या दिवशी तिला आधी दुसरं काही सांगायचं होतं.

सगळे गेल्यावर आनंदराव चपला घालता घालता मला म्हणाले, "वंदना तर घेऊच. पण गाणं बंद कराले तुले कोणी सांगितलं होतं, गा?"

मी म्हणालो, "अंधश्रद्धाच ना ती."

ते म्हणाले, "लेकीसाठी माय रडते, त्याच्यात कोणती अंधश्रद्धा?" आणि निघून गेले.

त्या परीक्षेत मी पास झालो.

मायचं गाणं त्या दिवसापासून बंद पडलं. ती कारखान्यात जायची, पण तिनं जागा बदलली. मधली जागा सोडून भिंतीकडेला बसू लागली. बायका पहिली ओळ म्हणून तिच्याकडे बघत, ती मान हलवायची. काही महिन्यांनी तिच्या विड्या ढिल्या येऊ लागल्या. इतक्या वर्षांत जिची विडी परत आली नव्हती, तिच्या सुपातला माल मुकादम बाजूला काढू लागला. जेवताना घास हातातच राहायचा. डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं, मी ते आणत राहिलो, ती पीत राहिली. कोणी कौसल्येचं नाव काढलं तर ती उठून पाणी भरायला जायची. भरलेल्या घागरी ओतून पुन्हा भरायची.

प्रयागबाई एकदा घरी येऊन मला म्हणाली, "बाईचा दगड करून टाकला गा तू. रडू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी म्हणालो, "आता कोण अडवतं? रडू दे ना तिला."

"आता!" ती म्हणाली. "ते का नळाचं पानी हाय, कव्हाई तोटी फिरवाले?"

त्र्याहत्तरला माझं लग्न झालं. चारुशीला कामठीची, बालवाडीत शिकवायची. घरात बोलणं-चालणं वाढलं. माय तिच्याशी चांगली वागायची, पण तिच्या आत एक खोली कुलूप लावून ठेवलेली होती, ते चारुशीलेलाही लवकरच कळलं. एकदा तिनं मला विचारलं, "तुमची बहीण कशी गेली?" मी म्हणालो, "बाळंतपणात. नाल्याला पूर होता." तिनं थोडा वेळ वाट पाहिली. माझ्याजवळ पुढे काही नव्हतं.

सत्त्याहत्तर साली चारुशीलेला दिवस पूर्ण भरून मुलगी झाली, ती मेलेलीच. दवाखान्यात सगळं झालं, कोणाची चूक नव्हती. पाचव्या दिवशी तिला घरी आणलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दूध येत होतं, पोलकं भिजायचं, ती बदलायचीही नाही. मी समजावायचो. आपण अजून तरुण आहोत, पुन्हा होईल, असं. ती डोळे मिटून घ्यायची. तिच्या आईनं समजावलं, बालवाडीतल्या बाईंनी समजावलं. पंधरा दिवस ती एक शब्द बोलली नाही. मी घाबरलो होतो. घरात एक दगड होता, आता दुसरा होत होता.

एका शनिवारी अर्धा दिवस कचेरी होती. दोनच्या सुमाराला घरी आलो, सायकल बाहेर टेकवली, चपला काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. आतून मायचा आवाज येत होता. नऊ वर्षांनी. आवाज जाड झाला होता, मधे मधे फाटत होता.

पाळणा नाही बांधला, नाव नाही ठेवलं
कोनाच्या नावानं वं, दूध छातीत दाटलं

दाराच्या फटीतून दिसत होतं. चारुशीला भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. सुनेजवळ राहता यावं म्हणून कारखान्यातलं काम घरी आणून माय तिच्या पाठीशी सूप घेऊन बसली होती, कैचीनं पान कापत होती. तिनं सुनेला जवळ घेतलं नव्हतं, डोक्यावरून हात फिरवला नव्हता. नुसती पान कापत होती आणि म्हणत होती. तीच ओळ तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा चारुशीलेचे खांदे हलले. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी अजून विसरलो नाही.

माय थांबली नाही. सुनेचं रडणं चालू राहिलं आणि मायचं गाणं तिथून कौसल्येकडे वळलं.

नाल्याले आला पूर, गाडी काठाले थांबली
माह्या कवसलेची वाट, तिथंच वं लांबली

बैलाचे ओले पाय, चिखलात रुतले
लेकीचे माह्या डोये, रस्त्याले लागले

माझ्या बहिणीचं मरण मी तिथे दारात उभा राहून पहिल्यांदा ऐकलं. गाडीत सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं पाणी मागितलं आणि समोर पाणीच पाणी होतं, पण गढूळ, म्हणून सासूनं पदर पावसात धरून पिळून तिच्या तोंडात थेंब घातले. तिनं हिरवं लुगडं नेसवायला सांगितलं होतं, माहेरी जायचं म्हणून. हे सगळं ओळींत होतं. मी ओसरीवर बसून पावसापाण्याचं बोलत होतो तेव्हा चुलीपाशी म्हातारीनं मायला हेच सांगितलं होतं. आणि माय ते नऊ वर्षं जवळ ठेवून होती.

मग ती ओळ आली.

भाऊ येतो म्हने बाई, येत्या आयतवारी
कवसला निघून गेली, बाई शुक्करवारी

माझं नाव त्यात नव्हतं. शिव्याशाप नव्हते. नुसते दोन वार होते.

इथे मला एक गोष्ट लिहिली पाहिजे. त्या दिवशी दारापुढे मी मायला नेमकं या ओळीवर थांबवलं होतं. 'भाऊ येतो म्हने' एवढं ऐकलं आणि उठलो. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, आणि स्वतःलाही, की मी ते जुन्या रीतीविरुद्ध केलं. पण पुढची ओळ काय असणार हे मला कळलं होतं का? आनंदराव बसले होते, मंडळाचे लोक बसले होते. त्यांच्यासमोर ती ओळ येऊ नये म्हणून मी धर्माचं नाव पुढे केलं का? नक्की सांगता येत नाही. पण ज्या घाईनं मी उठलो, ती घाई तत्त्वाची नव्हती, एवढं मला वाटतं.

त्या दिवशी मी आत गेलो नाही. चपला पुन्हा घातल्या आणि सायकल घेऊन पाचपावलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो.

पुढे महिनाभर दुपारी त्या दोघींचं हे चालू होतं. चारुशीला आधी नुसती रडायची, मग मायच्या मागे दुसरी ओळ म्हणू लागली, मग एक दिवस तिनं स्वतःची ओळ जुळवली. मुलीला तिनं गाण्यातच नाव दिलं. ते नाव मला सांगितलं नाही. ती उठली, न्हाली, स्वयंपाकाला लागली, बालवाडीत जाऊ लागली. मायच्या विड्याही पुन्हा घट्ट येऊ लागल्या. प्रयागबाई तर नवऱ्याला म्हणाली म्हणे, बायजा परत आली.

पण मी घरात आलो की गाणं बंद व्हायचं. एकदा मी अचानक आत शिरलो तर माय ओळीच्या मधेच थांबली आणि म्हणाली, "आला का? च्या ठेव वं, चारू." तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. तिला ती सवयच लागली होती, माझ्यासमोर थांबायची. त्यानंतर मी गल्लीच्या टोकापासूनच सायकलची घंटी वाजवत यायचो. त्यांना ओळ पूर्ण करता यावी म्हणून.

माफी मागायची एकदा संधी घेतली. एक्क्याऐंशी साली मायच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. सायकलरिक्षात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "माय, त्या दिवशी मी तुले रडू दिलं नाही."

"कोनत्या दिवशी?"

"कौसल्या गेली तेव्हा."

ती रस्त्याकडे बघत होती. तिला त्या डोळ्यानं फारसं दिसत नव्हतं. मग म्हणाली, "तू लहान होता गा."

मी सव्वीस वर्षांचा होतो. हे तिलाही ठाऊक होतं. तिनं मला सोडवलं, आणि सोडवल्यामुळे मला पुढे काही बोलताच आलं नाही. रिक्षावाल्याला तिनं हळू चालव म्हणून सांगितलं आणि डोळ्यावर पदर घेतला.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात माय गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आम्हाला एकोणऐंशीला मुलगी झाली होती, लतिका. ती आजीच्या गाण्यांवरच वाढली. मायच्या मागे मी चारुशीलेला म्हणालो, मायचं ते कौसल्येचं गाणं मला म्हणून दाखव, मी वहीत उतरवून घेतो.

ती म्हणाली, "ते मला पुरतं येत नाही. आणि ते असं म्हणून दाखवायचं नसतं. मला तेव्हा गरज होती."

"मलाही आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही म्हणा तुमचं. मी बसते समोर."

ती खरंच बसली, हातातलं काम ठेवून. मी सतरंजीवर बसून राहिलो. एक ओळ सुचेना. भाषणं केली, अर्ज लिहिले, मसुदे दुरुस्त केले, पण बहिणीसाठी दोन शब्दांची जोड लागेना. काही वेळानं ती उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेली.

पुढच्या वर्षी मी पारशिवनीची बस धरली. सतरा वर्षांनी त्या गावी गेलो. विश्वनाथनं दुसरं लग्न केलं होतं, तीन मुलं होती. त्यानं मला ओळखलं, खाट टाकली, बायकोनं चहा दिला. नाल्यावर आता पूल झाला होता. आम्ही दोघं चालत तिथवर गेलो.

मी विचारलं, "शेवटी ती काही बोलली होती का? रस्त्याकडे बघत होती का?"

विश्वनाथ म्हणाला, "मी बैलायपाशी होतो, दादा. बैल बुजून राहिले होते पान्याले. मांगं पाहाची सोयच नव्हती."

"पण तुझी आई गाडीत होती."

"माय होती. तिले सारं ठाऊक होतं. ते तर पंच्याहत्तरात गेली. तुमी आंधी आले असते तर सांगितलं असतं तिनं."

तो सहज बोलला, मनात काही नव्हतं त्याच्या. मग त्यानं मला पुलावरून पलीकडचं शेत दाखवलं. तिथे त्या वर्षी त्यानं तूर लावली होती. बसची वेळ झाली म्हणून आम्ही परत फिरलो.